बुधनीचे आणि होशंगाबादचे

१७ जुलै १९८८

अंग आंबून गेलंय. काल भोपाळहून जाऊन दिवसभर नर्मदेच्या काठी दगड उलटे करत फिरले. आधी अलीकडे बुधनीला, मग पूल ओलांडून पलीकडे होशंगाबादला. घाटावरच्या एका पंडितजींनी विचारलं, "बहनजी, कुछ गिर गया क्या?" म्हटलं, "नहीं, झींगुर ढूँढ रही हूँ." ते दोन पायऱ्या वर सरकून बसले.

पण मिळाले. दोन्ही काठांवरचे रातकिडे मिळाले. आखूड पंखांचे आहेत, उडता येत नाही. नदी पोहून जाणं तर सोडाच. बुधनीच्या किड्याने होशंगाबाद कधी बघितलेलं नाही आणि होशंगाबादच्याने बुधनी. दिसायला मात्र अगदी एकसारखे, म्हणून बुधनीवाल्यांच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. नेलपॉलिश मनोरमाचं. मी कुठली लावते.

हे खूळ शोभामुळे लागलं. अकरावीला नव्या जाती कशा तयार होतात तो धडा घेत होते. नेहमीसारखंच सांगितलं: एकाच जातीचे प्राणी असतात, मधे नदी येते नाहीतर डोंगर येतो, येणंजाणं बंद होतं. दोन्हीकडे बारीकसारीक बदल साठत जातात, हजारो वर्षं. शेवटी अशी वेळ येते की समोर उभे राहिले तरी एकमेकांना आपलं म्हणत नाहीत. शेवटच्या बाकावरून शोभा उठली. "मॅडम, नदी आटली तर? मग परत एक होतील?"

वीस वर्षं हा धडा शिकवतेय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि मला उत्तर आलं नाही. "पुढच्या तासाला सांगते" म्हटलं आणि वेळ मारून नेली. मनाला लागलं ते. आता मागच्या व्हरांड्यात दोन खोकी आहेत, ह्यांच्या कारखान्यातली, मशीनचे सुटे भाग येतात त्यातली. वर जाळी, आत वाळू, पुठ्ठ्याच्या नळ्या, काकडीचे काप. आधी वेगवेगळे ठेवीन, त्यांची हाक टेप करीन, मग एकत्र आणून बघीन. नदी आटवण्याची माझी ऐपत एवढीच.

संध्याकाळी ह्यांचा नाशिकहून फोन. चार वर्षं झाली ह्यांना तिकडच्या साइटवर जाऊन. आमच्याकडे फोन नाही. मनोरमाच्या नवऱ्याला, प्रकाशला, ड्यूटीसाठी कारखान्याने फोन दिलाय, म्हणून दर रविवारी तिच्याकडे जाऊन बसते. मनोरमा आमच्याच शाळेत केमिस्ट्री शिकवते. ती ग्वाल्हेरची, मी उज्जैनची, पंधरा वर्षं एका डब्यातलं खातोय. आज पोचले तेव्हा ती ह्यांच्याशी बोलतच होती. मला बघून "घ्या, आलीच" म्हणाली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

ह्यांना किड्यांचं सांगितलं. म्हणाले, "किती दिवस चालणार हे?" म्हटलं, दिवाळीपर्यंत. म्हणाले, "दिवाळीपर्यंत ठीक आहे." मी परवानगी मागितली नव्हती, तरी मिळाली.

३१ जुलै

गाण्यात फरक आहे. बुधनीचा नर भरभर ओरडतो, न थांबता. होशंगाबादचा तीनदा ओरडतो, थोडा थांबतो, परत तीनदा. हवा गरम असली की किडे भरभर ओरडतात, म्हणून दोघांना एकाच व्हरांड्यात, एकाच वेळी टेप केलं. तरी फरक आहेच. हे नदीनेच केलं की आणखी कशाने, मला काय ठाऊक. पण मी शाळेतून पळत घरी येते हल्ली.

समोरच्या ओळीतले नायडू रिटायर होतायत. झालं, त्यांच्याकडे बायकांची रीघ. कारखान्याच्या टाउनशिपची ही रीतच आहे. कोणी क्वार्टर सोडणार अशी कुणकुण लागली की मोठ्या क्वार्टरसाठी यादीत नंबर असलेल्यांच्या बायका वाटी घेऊन 'सहज' भेटायला जातात. हातात खीर आणि नजर भिंतींवर. ओल आहे का, माळा केवढा, मागे झाडं कोणती. हसायला नको, ह्या घरात मीसुद्धा आधी शिरा घेऊन अशीच आले होते, मनोरमा बरोबर होती.

आता सीनियॉरिटीत प्रकाशचा नंबर वर आलाय. तिला म्हटलं, जा की नायडूंकडे, बघून ये. म्हणाली, "नको गं, पश्चिमेचं ऊन येतं तिकडे. मी थांबते. चांगलं मिळेल एखादं." तिला सबुरी फार. मला नाही.

२१ ऑगस्ट

माझे किडे गाजतायत. आज मिसेस श्रीवास्तव आल्या होत्या, पंधरा ऑगस्टला शाळेच्या प्रदर्शनात मी टेप ऐकवली तेव्हापासून म्हणे त्यांना यायचं होतं. मखाण्याची खीर आणली होती. त्यांना व्हरांड्यात नेलं, खोकी दाखवली, बुधनी आणि होशंगाबाद सगळं समजावून सांगितलं. त्या "अच्छा, अच्छा" करत होत्या. मग विचारलं, "भाभीजी, ये अमरूद मीठा आता है?" म्हटलं, खूप गोड. "और पानी ऊपर की टंकी तक चढ़ जाता है?" म्हटलं, सकाळी चढतं. बाई चौकस आहे. जाताना स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघितली, आमची की कंपनीची ते विचारलं. आमची म्हटल्यावर जरा हिरमुसल्या.

माणसांना विज्ञानात रस नसतो असं हे म्हणतात. बघावं येऊन.

४ सप्टेंबर

ह्या आठवड्यात आणखी तिघी आल्या. एकीने तर सासूला आणलं, सासूने पायऱ्या मोजल्यासारख्या चढून पाहिल्या. मी आता चकल्या करूनच ठेवते. प्रत्येकीला टेप ऐकवते. प्रत्येकीला अचानक माझा पेरू आवडायला लागलाय.

मनोरमाला सांगितलं तर ती हसली नाही. "तू सगळ्यांना घरात कशाला घेतेस?" म्हणाली. जरा चिडूनच. हेवा वाटतोय की काय तिला, वाटो.

१८ सप्टेंबर

गणपतीला हे आले, पाच दिवस होते. आज गेले.

पूर्वी शिफ्टवरून आले की फाटकाशी शीळ घालायचे, एक लांब आणि दोन आखूड. मी हातातलं टाकून दार उघडायची. ह्या वेळी बेल वाजली. मी म्हटलं, कोण आहे? बाहेरून म्हणाले, "मी आहे, दुसरं कोण." खरंच, दुसरं कोण. पण मला कळलं नव्हतं.

जेवताना म्हणाले, "तुझी मराठी फारच इथली झालीय. 'फुरसत नाही', 'झंझट आहे', काय हे." म्हटलं, मी उज्जैनची आहे, माझी मराठी अशीच होती, तुम्हाला तेव्हा गोड वाटायची. हसले. वाईट नाही वागले. उलट फारच चांगले वागले. मला साडी आणली, नाशिकची हवा किती छान ते सांगितलं, द्राक्षं किती स्वस्त. माळ्यावरून हिवाळ्याची ट्रंक काढून बरोबर नेली. टूलबॉक्स प्रकाशला देऊन टाकला. म्हटलं, अहो लागतो तो मला. म्हणाले, "तुला कशाला लागतोय आता."

किड्यांकडे एकदा आले, हात मागे बांधून. मी दोन्ही हाका ऐकवल्या. म्हणाले, "दोन्ही सारख्याच वाटतात मला." तीस वर्षं मशीन टेस्टिंगमध्ये काढलेला माणूस, बेअरिंगचा आवाज ऐकून दोष सांगणारा. ऐकलंच नाही त्यांनी.

ओट्याशी उभे राहून काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. "रत्ना, मी काय म्हणतो..." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, राहू दे, नंतर. मीही विचारलं नाही. आरतीला उशीर होत होता.

८ ऑक्टोबर

उद्यापासून उज्जैनला शिक्षकांचं ट्रेनिंग. घराची किल्ली मनोरमाला दिली. काकडी कापून ठेवलीय, पाण्याचा कापूस तेवढा बदल म्हटलं. दोन्ही खोकी बिलकुल हलवायची नाहीत असं तीनदा बजावलं. "तू फिकर नको करू," म्हणाली. तिच्यावर सोडून मी निवांत जाते, नेहमीच.

१३ ऑक्टोबर

क्रमाने लिहिते.

काल दुपारी आले. व्हरांड्यात एक खोकं रिकामं, उलटं. दुसऱ्यात सगळे किडे एकत्र. ठिपकेवाले, बिनठिपक्याचे, सगळे. तीन महिन्यांचं काम. मी तशीच पायरीवर बसले.

संध्याकाळपर्यंत उठले नाही, म्हणून ते दिसलं. खोक्यात पुठ्ठ्याच्या चार नळ्या होत्या. लाल ठिपकेवाले बहुतेक डावीकडच्या दोनांत, बाकीचे उजवीकडे. बुधनीचा नर ओरडत होता, घसा फाटेस्तोवर, आणि होशंगाबादची मादी त्याच्यापासून दोन बोटांच्या अंतरावर बसून काकडी खात होती. मान वळवली नाही तिने. मग पलीकडच्या नळीतून तीनदा ओरडा झाला आणि ती काकडी सोडून चालू लागली. थेट. मधे ठिपकेवाले होते त्यांच्या अंगावरून गेली.

सगळ्यांनीच असं केलं नाही. एक ठिपकेवाली चुकून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली. पण बहुतेक आपापल्यांकडे. मी ठरवून केलं असतं तर इतकं स्वच्छ दिसलं नसतं. आनंदाने रडू आलं, आणि पहिली आठवण झाली ती मनोरमाची, तिला सांगायला पळत जावं म्हणून. मग रागही आठवला, की खोकं हलवलं कोणी.

आज शाळेत विचारलं. मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेत, दोघीच होतो. ती म्हणाली, "अगं, प्रकाशच्या हातून कलंडलं. टेप लावत होते ना. मी धावून धावून सगळे पकडले, एकही पळू दिला नाही. घाईत ठिपके कोण बघतो, सगळे सारखेच तर दिसतात."

म्हटलं, टेप कसला?

"मोजायचा. व्हरांड्याला ग्रिल लावून घेतली तर दिवाण बसेल का, ते..." आणि थांबली.

म्हटलं, माझ्या व्हरांड्यात तुझा दिवाण कशाला?

तेव्हा तिचा चेहरा उतरला. "तुला अजून सांगितलं नाही त्यांनी? गणपतीत सांगतो म्हणाले होते."

मग सगळं निघालं. ह्यांनी राजीनामा दिलाय. नोव्हेंबरात सुटतात. नाशिकला खाजगी कंपनीत मोठी जागा मिळालीय, तिथे फ्लॅटही घेतलाय. क्वार्टर ह्यांच्या नावावर, तो सुटणार, आणि यादीत पहिला नंबर प्रकाशचा. त्याने नको म्हटलं तर श्रीवास्तवांचा. मी शाळेच्या नोकरीवर आहे, मला क्वार्टर नाही.

"तुला कधीपासून माहीत?"

"जूनपासून."

जून. म्हणजे मी नर्मदेवर जायच्या आधीपासून. नेलपॉलिशची बाटली दिली तेव्हाही. रोज माझ्या डब्यातलं लोणचं घेताना. म्हटलं, तू बोलली का नाहीस?

"नवरा-बायकोच्या मधे मी कशी पडू, रत्ना?"

म्हटलं, मधे तूच होतीस. फोन तुझ्या घरी होता.

घंटा झाली. आम्ही दोघी वर्गावर गेलो. काय शिकवलं ते आठवत नाही.

१४ ऑक्टोबर

त्या खिरी. ती सासू. पेरू गोड येतो का. मी सगळ्यांना चकल्या खायला घालून, घर फिरवून दाखवलं, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघून 'अच्छा, अच्छा' म्हणत होत्या. दूधवाल्यालाही माहीत असणार. सगळ्या टाउनशिपला माझ्या घराचं माहीत होतं, मला सोडून. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

मला फसवलं. दुसरा शब्द शोधत बसणार नाही.

१६ ऑक्टोबर

रविवार. मनोरमाकडे गेले नाही. टाउनशिपमधल्या फोनवर सगळे ओळखीचे, म्हणून बस पकडून थेट शहरात, जवाहर चौकात गेले. तिथे आता काचेच्या खोलीतून फोन करता येतो, समोर मीटर पळत असतो. नाशिकला लावला.

म्हणाले, "कळलं होय तुला. मनोरमाबाईंनी सांगितलं ना, बरं झालं. मला धीरच होत नव्हता."

म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

"तू आकांडतांडव केलं असतंस."

"मग करू द्यायचं होतंत."

"अगं, तुझ्यासाठीच केलं. किती वर्षं ह्या धुळीत राहणार? फ्लॅटला दोन गॅलऱ्या आहेत. शाळा तिथेही आहेत. किडे काय, तिथेही मिळतील."

म्हटलं, माझ्या नोकरीचं, माझ्या घराचं तुम्ही मनोरमाशी बोललात, प्रकाशशी बोललात, ऑफिसात बोललात. माझ्याशी सोडून सगळ्यांशी.

"चूक झाली म्हणतो ना. आता सोड. दिवाळीला येतो, आवरू सगळं."

म्हटलं, मी येणार नाही नाशिकला.

ते हसले. रागाने नाही, लाडाने. "येशील गं. रागात बोलतेस."

फोन ठेवला. दुकानदाराने सुटे नाहीत म्हणून गोळ्या दिल्या, त्या हातात धरून बसस्टॉपवर उभी राहिले. चार वर्षं मी समजत होते की मधे फक्त साडेसहाशे किलोमीटर आहेत आणि ते परत आले की संपलं. तिकडे ते काय काय होत गेले ते मला दिसलं नाही, आणि मी इथे काय झाले ते त्यांना. पण हे अंतराने झालं, हे एक वेळ माफ करीन. मला न विचारता माझं घर दुसऱ्याला देणं अंतराने होत नाही, ते माणूस करतो.

वीस वर्षं वह्यांमधून त्यांना 'हे' लिहिलं. आता विश्वनाथ लिहीन.

२३ ऑक्टोबर

मनोरमा आली होती. दार उघडलं, आत ये म्हटलं नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून रडली. म्हणाली, "सोळा वर्षं दोन खोल्यांत काढली गं. सासरे, दीर, सगळे. मला वाटलं, तू तर जाणारच आहेस, मग आपल्याला मिळालं तर काय वाईट. मी नाही सांगितलं ते चूक झालं." खरं बोलत होती. तिच्या दोन खोल्या मी बघितल्यात. तिला घर हवं होतं ह्याचा राग नाहीच आला. एकदा म्हणाली असती, रत्ना, असं असं आहे, तर मीच ग्रिलची मापं घेऊन दिली असती.

तसं बोलूनही दाखवलं. ती गेल्यावर मी विश्वनाथसाठी रडले त्यापेक्षा जास्त रडले. नवऱ्याशी चार वर्षं रविवारपुरतं बोलले. हिच्याशी रोज.

२ नोव्हेंबर

टाउनशिपबाहेर, बाग सेवनियात खोली बघितली. खोली, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. शाळेला बस आहे. मिसेस श्रीवास्तवांच्या दिरांचं घर. त्या स्वतःच आल्या होत्या, खीर न घेता. "हमें लगा आपको मालूम है, भाभीजी. हम तो शर्म से गड़ गए." त्यांचा राग राहिला नाही. त्यांनीच घरमालकाशी बोलणं केलं. मालकाने विचारलं, "कितने लोग हैं?" म्हटलं, एक. मग किड्यांचंही सांगितलं, नंतर कटकट नको. म्हणाला, "झींगुर? वो तो वैसे भी हैं."

रात्री एकटीने तिथे कसं राहीन ह्या विचाराने उठून दोनदा कडी तपासते. चव्वेचाळीस वर्षांत एकटीने कधी घर केलं नाही. पण नाशिकच्या दोन गॅलऱ्यांत बसणं त्याहून नको वाटतं, म्हणजे उत्तर कळलंच.

१२ नोव्हेंबर

विश्वनाथ दिवाळीला आलेत, आता थेट जायचंच म्हणून. सकाळपासून 'नो ड्यूज'साठी कारखान्यात ह्या खात्यातून त्या खात्यात सह्या घेत फिरतात. संध्याकाळी खुशीत येतात, जुने लोक भेटतात, सगळे मिठाई देतात.

फराळ करताना परत सांगितलं. शांतपणे सांगितलं, की मी इथेच राहणार आहे, खोली घेतलीय. माझ्याकडे बघितलं, चकली मोडली, म्हणाले, "ह्यात मोहन जास्त झालंय." थोड्या वेळाने म्हणाले, "तिकीट काढलंय मी दोघांचं. वीस तारखेचं." मी तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. भिंतीला सांगितलं असतं तर प्रतिध्वनी तरी आला असता.

१७ नोव्हेंबर

काल ट्रक गेला, विश्वनाथचं सामान घेऊन. माझं आधीच बाग सेवनियात पोचलंय. पुस्तकं, शिलाई मशीन, कपाटांपैकी एक कपाट, टेपरेकॉर्डर. ते सह्यांना बाहेर पडले की टेम्पो यायचा. घर रिकामं दिसलं तेव्हा "बरं झालं, बांधाबांध सुरू केलीस" म्हणाले. दूधवाल्याला नवा पत्ता दिला. धोब्याला दिला. शाळेच्या शिपायाने खोकी उचलायला मदत केली. मिसेस श्रीवास्तवांनी खाट दिली. मुख्याध्यापिकाबाईंना जाऊन सांगितलं, मी कुठेही जात नाही, अकरावीचं वेळापत्रक बदलू नका. त्या म्हणाल्या, "आम्हाला कळलंय."

सगळ्यांना कळलंय. आणि विश्वनाथ रोज ह्याच लोकांकडे चहा पितात. एकानेही सांगितलं नाही. टाउनशिपमध्ये गुपित राहत नाही म्हणतात, साफ खोटं आहे. ज्याचं असतं त्याच्यापासून बरोबर राहतं.

ह्यात मला गंमत वाटली, हे कबूल करते. फार वेळ टिकली नाही.

२० नोव्हेंबर

नवीन खोलीतून लिहितेय. दिवा मिणमिणता आहे. झालं ते सरळ लिहिते.

सकाळी मनोरमा किल्ली घ्यायला आली. प्रवासासाठी डबा आणला होता, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. विश्वनाथनी डबा उचलून बघितला. "अहो, एवढासा? दोघांना पुरेल का?" मनोरमाने माझ्याकडे बघितलं. तिलाही माहीत होतं, प्रकाशनेच टेम्पो ठरवून दिला होता. मी म्हटलं, पुरेल. ती काही बोलली नाही. पहिल्यांदा तिचं न बोलणं माझ्या उपयोगी पडलं. तिच्या हातात किल्ली दिली, पेरूला जानेवारीत खत घाल म्हटलं. मिठी मारायला पुढे आली, मी बॅग उचलली. ते जमलं नाही मला.

गाडीत माझ्याजवळ एक पिशवी आणि दोन डबे, जाळीच्या झाकणाचे. म्हातारे किडे बरेच मेले होते. राहिलेले परत आपापले वेगळे केले होते. विश्वनाथ म्हणाले, "हे कशाला घेतलंस?" म्हटलं, नर्मदेवर सोडायचेत. "चालत्या गाडीतून?" म्हणाले, आणि पेपर उघडला.

बुधनी मागे पडलं, गाडी पुलावर आली. लोकांनी खिडकीतून नाणी टाकली. मी खाली पाणी बघत होते. नदी भरून वाहत होती, आटायची काही लक्षणं नव्हती. होशंगाबादला गाडी थांबली तेव्हा उठले. म्हटलं, "मी इथे उतरतेय."

पेपरमधून न बघता म्हणाले, "पाणी आहे की बाटलीत."

मी उतरले. फलाटावर उभी राहिले. पळून नाही गेले, डब्याच्या दारासमोर उभी होते, दिसत होते. गाडी हलली तेव्हा ते दारात आले. आधी वैतागलेले, मग माझ्या पायाशी ठेवलेली पिशवी दिसली त्यांना. "रत्ना! चढ लवकर!" मी मान हलवली. गाडीने वेग घेतला. तेव्हा त्यांनी शीळ घातली. एक लांब, दोन आखूड.

ओळखली. लगेच ओळखली, पहिल्या लांब सुरालाच. माझी उजवी टाच उचललीसुद्धा गेली. त्या मादीला काही वाटलं नसेल काकडी खाताना. तिला ती हाक आपली नव्हतीच. माझी होती, आणि ओळखूनही मी गेले नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी शीळ कानात होती. तिथल्या बाकावर बसून पदर तोंडात धरून रडले. पलीकडच्या बाईने पाणी दिलं.

मग घाटाजवळ जाऊन बिनठिपक्याचे सोडले. टेम्पोने पूल ओलांडला, बुधनीला लाल ठिपकेवाले सोडले. ती एक, जी पलीकडे जाऊन राहिली होती, तिला कुठे सोडावं ते ठरेना. शेवटी होशंगाबादलाच सोडलं होतं. तिने निवडलं होतं ना.

बसने भोपाळला आले. खोलीला कुलूप तसंच होतं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून गेला होता.

उद्या पहिला तास अकरावीचा. शोभाला सांगायचं, नदी आटली तर वाट मोकळी होते, एवढंच, परत एक होतीलच असं नाही. चार महिने लागले मला एवढं उत्तर द्यायला. ती आणखी काही विचारेल, ती गप्प बसणारी नाही.